आधी खोलीतली हवा मोजा
वाचकांचे प्रश्न : हालचाल आणि व्यायामाची प्रयोगशाळा

शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी आणि क्रीडाविज्ञान शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची ही पत्रं बहुतेक किनारपट्टीवरून आली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांतल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी दमट हवा आहे. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : आमच्या विभागात श्वासातल्या वायूंचं विश्लेषण करणारं यंत्र आहे. फेब्रुवारीत रीडिंग नीट येत होती. जूनपासून त्याच मुलांचा प्राणवायूचा वापर भलताच येतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा आरईआर ०.६२ दिसतो. कॅलिब्रेशन (ठाऊक असलेल्या मापाशी यंत्र जुळवून घेणं) मात्र ‘पास’ होतं. कंपनीचा माणूस यायला महिना लागेल. तोवर मी काय काय तपासू?
*– एम.एस्सी. विद्यार्थिनी, रत्नागिरी*

उत्तर : आरईआर म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला प्राणवायू. स्वस्थ बसलेल्या माणसात तो साधारण ०.७ ते १ च्या दरम्यान राहतो. शरीर निव्वळ चरबी जाळत असलं तरी तो ०.७ च्या आसपास थांबतो. तेव्हा ०.६२ हा आकडा मुलांचा नाही, यंत्राचा किंवा खोलीचा आहे. तो सुटेपर्यंत प्रबंधाची एकही चाचणी घेऊ नका.

पहिला संशय पाण्याच्या वाफेवर घ्या. पुस्तकात हवेतला प्राणवायू २०.९३ टक्के दिलेला असतो, तो कोरड्या हवेतला. ३० अंश तापमानाला वाफेने पूर्ण भरलेल्या हवेत बाष्पाचा दाब ३१.८ मिलिमीटर पारा असतो. आर्द्रता ८० टक्के धरली तर सुमारे २५.४ मिलिमीटर. एकूण दाब ७६०, म्हणजे हवेचा ३.३ टक्के हिस्सा वाफेनेच अडवला आणि प्राणवायू उरला सुमारे २०.२. यंत्र २०.९३ धरून बसलं असेल, तर हा ०.७ चा फरक ते ‘शरीराने वापरलेला प्राणवायू’ म्हणून नोंदवतं. आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या हवेतला फरकच मुळात चार-साडेचार टक्क्यांचा असतो. त्यात ०.७ ची चूक म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. खरा आरईआर ०.७२ असेल, तर पडद्यावर बरोबर ०.६२ उमटेल.

आता मेनू उघडा आणि तापमान, आर्द्रता, दाब या तीन नोंदी बघा. बऱ्याच यंत्रांत त्या हाताने भराव्या लागतात, आणि फेब्रुवारीत कुणीतरी भरलेले २५ अंश आणि ५० टक्के जुलैतही तसेच राहतात. कॅलिब्रेशन ‘पास’ होतं ते याच चुकीच्या नोंदी खऱ्या धरून. भिंतीवर आर्द्रतामापक लावा आणि प्रत्येक चाचणीच्या पानावर वर तिन्ही आकडे लिहा. दाबासाठी मोबाइलवरचं हवामान बघू नका. तिथे समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतात. रत्नागिरीत किनाऱ्यालगत त्याने विशेष बिघडत नाही, पण हेच यंत्र उचलून आंबोलीला नेलंत तर तिथला खरा दाब सुमारे ८० हेक्टोपास्कलने कमी असेल.

मग नमुना नेणारी बारीक नळी तपासा. तिच्या वाटेवर वाफ शोषणारे सिलिका जेलचे दाणे असतील, तर त्यांचा रंग बघा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते भरलेत. ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवून रंग परत येतो. नाही आला तर दाणे बदला. आपल्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला हे काम करावं लागतं. कोरड्या प्रदेशातल्या प्रयोगशाळेच्या वेळापत्रकावर जाऊ नका. नळीत पाण्याचा थेंब अडकला असेल, तर वायू सेन्सरपर्यंत उशिरा पोचतो. श्वासाचं आकारमान एका क्षणाचं आणि वायूचं प्रमाण दुसऱ्या क्षणाचं, अशी गल्लत होते. दर मिनिटाला ४०-५० श्वास चालू असताना ती आणखी वाढते. म्हणून काही जणांची विश्रांतीची रीडिंग ठीक आणि शेवटच्या टप्प्यातली वेडीवाकडी दिसतात. नळी बदलायची तर कंपनीचीच घ्या. माशांच्या टाकीची नळी दिसायला सारखी असते, पण लांबी किंवा आतला व्यास बदलला की पोचण्याचा वेळ बदलतो. शिवाय काही यंत्रांच्या नळीतून वाफ आपोआप बाहेर झिरपते. साध्या नळीत ती सोय नसते.

तिसरी जागा म्हणजे खुद्द खोली. पावसामुळे खिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू, आत सात-आठ विद्यार्थी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. ४ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ६० घनमीटर. जोरात व्यायाम करणारा एकच माणूस मिनिटाला २ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडत राहिला, तर २० मिनिटांत ४० लिटर होतो, म्हणजे जवळपास ०.०७ टक्के. बाहेरच्या हवेत तो मुळात ०.०४ टक्केच असतो. बघ्यांना बाहेर काढा, एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि खोलीतल्या हवेचं कॅलिब्रेशन करताना नमुना खिडकीबाहेरून घ्या. एसी निदान तासभर आधी लावा. साधारण २२ अंश आणि ६० टक्क्यांच्या आत आर्द्रता साधली, तर निम्मी डोकेदुखी जाते.

शेवटी श्वासाचं आकारमान मोजणारा प्रवाहमापक. ३ लिटरच्या सिरिंजने हळू, मध्यम आणि जोरात असे निदान पाच-पाच ठोके द्या. प्रत्येक वेळी आकडा २.९१ ते ३.०९ लिटरमध्ये यायला हवा. जोराच्या ठोक्यात ठीक आणि हळू ठोक्यात कमी येत असेल, तर त्यातल्या पंख्यावर लाळ सुकलेली असू शकते. मास्कचं तोंड तळव्याने बंद करून माणसाला हलकेच फुंकायला सांगा. नाकाच्या कडेने किंवा दाढीतून हवा निसटते का, ते लगेच कळतं.

एवढं झाल्यावर यंत्र सुधारलं का, हे तुमच्यातल्याच एखाद्या निरोगी विद्यार्थ्यावर बघा. ६० किलो वजनाचा माणूस सायकलवर ५० वॅटला मिनिटाला सुमारे ९६० मिलिलिटर आणि १०० वॅटला सुमारे १५०० मिलिलिटर प्राणवायू घेतो. प्रत्येक टप्प्यावर पाच-सहा मिनिटं द्या आणि शेवटच्या मिनिटाची सरासरी घ्या. तोच माणूस दर सोमवारी त्याच वेळेला बसवा आणि आकडे भिंतीवरच्या आलेखावर मांडा. आकडा सरकायला लागला की कंपनीच्या माणसाआधी तुम्हाला कळेल. सायकल पट्ट्याच्या घर्षणावर चालणारी असेल, तर आधी तिचा काटा मोकळ्या स्थितीत शून्यावर आहे का आणि टांगलेलं १ किलोचं वजन १ दाखवतं का, तेही बघा. ओलाव्याने पट्टा अडकून चालतो आणि दोष उगाच गॅसच्या यंत्राला लागतो.

जूनपासून घेतलेला डेटा ‘दुरुस्त करून’ वापरता येईल का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. त्या दिवसांची खोलीतली आर्द्रता लिहून ठेवली असती, तर एक वेळ विचार केला असता. नाही लिहिली, तर तो डेटा सोडा.

प्रश्न : पावसाळ्यात ट्रेडमिलवर चाचणी चालू असताना लाइट जाते. काय करावं?
*– फिजिओथेरपीचे अध्यापक, चिपळूण*

उत्तर : पट्टा थांबतो, माणूस थांबत नाही, तो पुढच्या दांड्यावर आपटतो. बाजूला उभं राहायला एक जण केवळ याच कामासाठी ठेवा आणि सुरुवातीलाच माणसाकडून दोनदा सराव करून घ्या: ‘पकड’ म्हटलं की दोन्ही हात कठड्यावर, पाय कडेच्या पट्ट्यांवर. लाइट गेल्यावर त्याला खुर्चीत बसवू नका. पायांत रक्त साचून चक्कर येते. तीन ते पाच मिनिटं जमिनीवर चालवा. संगणक आणि अॅनालायझर (श्वासातले वायू मोजणारं यंत्र) यूपीएसवर ठेवा. मोटरचा भार मात्र साध्या यूपीएसला झेपत नाही. अॅनालायझर बंद पडलाच, तर पुन्हा निदान अर्धा तास तापवून नव्याने कॅलिब्रेशन करावं लागतं. अर्धवट चाचणी त्याच दिवशी पुन्हा घेऊ नका, दोन दिवसांनी बोलवा. जून ते सप्टेंबर यांत्रिक ब्रेकच्या सायकलवर चाचण्या घेणं सगळ्यांत शहाणपणाचं. आधीच्या चाचण्या ट्रेडमिलवर झाल्या असतील, तर मात्र मध्येच बदलू नका: सायकलवरचा प्राणवायूच्या वापराचा कमाल आकडा बहुतेकांचा ट्रेडमिलपेक्षा कमी येतो.

प्रश्न : आमच्याकडे यंत्र नाही. नववी-दहावीच्या मुलांची दमाची क्षमता स्टेप टेस्टने मोजायची आहे. चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) पायरी चालेल का? उंची किती घ्यावी?
*– क्रीडाशिक्षक, मालवण तालुका*

उत्तर : चिरा चालेल, पण तो कोरडा हवा, वरून सिमेंटने सपाट केलेला हवा आणि हलता कामा नये. शेवाळलेल्या चिऱ्यावर मूल घसरलं, की चाचणी तिथेच संपते.

क्वीन्स कॉलेज पद्धतीत पायरीची उंची ४१.३ सेंटीमीटर असते. वेळ ३ मिनिटं. मुलगे मिनिटाला २४ वेळा चढतात-उतरतात, मुली २२ वेळा. एका फेरीत चार पावलं, म्हणून मोबाइलवरचा मेट्रोनोम मुलग्यांसाठी ९६ वर आणि मुलींसाठी ८८ वर लावा. ‘वर-वर-खाली-खाली’ असं मोठ्याने म्हणत पहिली १५ सेकंदं तुम्ही स्वतः चढून दाखवा. वर गेल्यावर गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर काम कमी होतं आणि नाडी खोटी चांगली दिसते. ही चूक सगळ्यांत जास्त होते.

थांबल्यावर मूल उभंच ठेवा. पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत, म्हणजे १५ सेकंद, नाडी मोजा आणि चारने गुणा. मुलग्यांसाठी सूत्र : १११.३३ वजा ०.४२ गुणिले नाडी. मुलींसाठी : ६५.८१ वजा ०.१८४७ गुणिले नाडी. नाडी १४८ असलेल्या मुलाचं उत्तर ४९.२ येईल, १६४ असलेल्या मुलीचं ३५.५. एकक म्हणजे दर किलो वजनामागे दर मिनिटाला मिलिलिटर प्राणवायू. मोजताना एकच ठोका चुकला, तर चारने गुणल्यावर मुलाच्या उत्तरात १.७ चा फरक पडतो. म्हणून नाडी मोजणाऱ्यांचा आधी सराव घ्या: दोघांनी एकाच मुलाच्या दोन मनगटांवर एकाच वेळी मोजायचं आणि आकडा जुळेपर्यंत खऱ्या चाचणीला हात लावायचा नाही.

मात्र ही सूत्रं कॉलेजातल्या तरुण-तरुणींवर बसवलेली आहेत. चौदा वर्षांच्या बुटक्या मुलाला ४१ सेंटीमीटरची पायरी म्हणजे जवळजवळ गुडघ्यापर्यंत. तुमच्या मुलांसाठी सूत्र लावूच नका. नाडी तेवढी लिहा आणि त्याच मुलाची तीन महिन्यांनी, त्याच पायरीवर, त्याच वेळेला पुन्हा मोजा. उकाड्यात त्वचेकडे जास्त रक्त जातं, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि त्याच मुलाची नाडी मे महिन्यात जानेवारीपेक्षा वर राहते. त्याला ‘सराव कमी पडला’ असं म्हणून ओरडू नका. सकाळी आठच्या आत चाचणी घ्या.

प्रश्न : पोलीस भरतीच्या मुलांचं १६०० मीटर धावणं पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत) आणि मैदानावर, असं तुलनेला घेतलं आहे. गाइडनी आराखडा परत पाठवला. ‘अटी सारख्या नाहीत’ एवढंच लिहिलं आहे. माझ्या आराखड्यात पहिल्या रविवारी सकाळी ७ वाजता पुळण आणि पुढच्या रविवारी ७ वाजता मैदान, असं आहे. चूक कुठे झाली?
*– एम.पी.एड. विद्यार्थी, गुहागर*

उत्तर : गाइडचं बरोबर आहे. दोन चुका आहेत आणि दुसरी खास किनाऱ्यावरची आहे.

पहिली अशी, की सगळी मुलं आधी पुळणीवर आणि मग मैदानावर धावणार. दुसऱ्या खेपेला वेळ सुधारली, तर ती मैदानामुळे की अनुभवामुळे, हे सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं आधी मैदानावर पाठवा.

असं केलंत की निम्म्यांची पुळण दुसऱ्या रविवारी येणार, आणि तिथे दुसरी चूक उघडी पडते. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ते जवळजवळ सहा तास होतात. म्हणजे पहिल्या रविवारी ७ वाजता पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला भरती. तुम्ही आखलेली वाट पाण्याखाली आणि मुलं वरच्या भुसभुशीत पुळणीत. पंधरा दिवसांनी मात्र ओहोटी घड्याळात पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते. दोन फेऱ्यांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, किंवा एकाच आठवड्यात दोन दिवसांच्या अंतराने घेऊन घड्याळाऐवजी ओहोटीची वेळ धरा. गावातल्या कुठल्याही खलाशाला तिथी सांगितलीत, तर तो ओहोटीची वेळ तोंडपाठ सांगेल. तरी छापील वेळापत्रकाशी ताडून घ्या.

वाळू कुठली, हेही लिहायला हवं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात वाळूवर चालायला टणक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली आणि धावायला १.६ पट. पाय रुततो, वाळू सरकते आणि स्नायूंनी घातलेलं काम तिथेच जिरतं. ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू याच्या जवळपासही जात नाही. तिच्यावर गाडीसुद्धा चालते. मोजायला सोपी खूण : ठरावीक वजनाचा लोखंडी गोळा १ मीटरवरून सोडा, खळीची खोली पट्टीने मोजा. प्रत्येक ५० मीटरला तीन वेळा मोजून सरासरी लिहा.

वाट समुद्राला समांतर आखा आणि २०० मीटरच्या जा-ये फेऱ्या ठेवा. किनारा उतरता असतो. एकाच दिशेने १६०० मीटर धावलं, तर समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि घोट्यावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो. जा-ये केल्याने तो दोन्ही पायांवर वाटला जातो, वाराही समोरून आणि पाठीवरून सारखा मिळतो. वळणावर जाणारा वेळ मैदानावरही मोजला जावा, म्हणून तिथेही २०० मीटरची जा-येच ठेवा, गोल ट्रॅक नको. अंतर ५० मीटरच्या टेपने मोजा. घड्याळातलं जीपीएस दर वळणावर कोपरा खातं. बूट की अनवाणी, तेही एकच ठरवा.

प्रश्न : मोबाइलच्या व्हिडिओवरून उभ्या उडीची उंची काढता येते का?
*– बी.पी.एड. विद्यार्थिनी, अलिबाग*

उत्तर : येते. हवेतला वेळ सेकंदांत घ्या, त्याचा वर्ग करा, ९.८१ ने गुणा, ८ ने भागा. उंची मीटरमध्ये मिळते. अर्ध्या सेकंदाला ३०.७ सेंटीमीटर. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. एक चित्र इकडे-तिकडे झालं, की उत्तर ४ सेंटीमीटरने हलतं. २४० चित्रांच्या स्लो-मोशनमध्ये तेच अर्धा सेंटीमीटर. फोन जमिनीलगत, बाजूने, स्टँडवर ठेवा. बोट सुटलेलं पहिलं चित्र आणि बोट टेकलेलं पहिलं चित्र शोधा. फोन खरंच २४० चित्रं घेतो का, ते स्टॉपवॉचच्या पडद्याचा १० सेकंदांचा व्हिडिओ घेऊन मोजा. मळभाच्या दिवशी हॉलमध्ये अंधार पडतो आणि ट्यूबलाइटखाली पट्टे दिसतात, व्हरांड्यात या.

उतरताना गुडघे दुमडले, तर हवेतला वेळ वाढतो आणि उंची फुकटची मिळते. मुलं हे दुसऱ्याच दिवशी शिकतात. पाय सरळ ठेवून, आधी चवड्यांवर उतरलेलीच उडी धरा.

प्रश्न : ईएमजीचे (स्नायूंतले विद्युत संदेश टिपणारे) इलेक्ट्रोड दहा मिनिटांत घामाने सुटतात. टेप लावून भागत नाही.
*– पीएच.डी. विद्यार्थी, सावंतवाडी*

उत्तर : टेप घामावर बसते, त्वचेवर नाही. माणसाला अर्धा तास थंड खोलीत बसवा, केस काढा, त्वचा किंचित लाल होईपर्यंत स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांत २० मिलिमीटर अंतर ठेवा. लावल्यावर पाच मिनिटं थांबा. वर जाळीची लवचीक पट्टी गुंडाळा, पण आवळू नका. दोन इलेक्ट्रोडना जोडणारा घामाचा ओघळ झाला, तर संदेश आपसांत मिटतो आणि स्नायू थकल्यासारखा दिसतो. तुमच्या आलेखात उतरती रेघ आली असेल, तर आधी हे तपासा. सीलबंद पाकीट फोडल्यावर उरलेले इलेक्ट्रोड हवाबंद डब्यात ठेवा.

प्रश्न : प्रयोगासाठी माणसं मिळत नाहीत, म्हणून मी माझ्याच वर्गातली मुलं घेतो. ती तयार असतात. एथिक्स कमिटीने हरकत घेतली. यात गैर काय?
*– सहायक प्राध्यापक, दापोली*

उत्तर : अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, ‘तयार’ या शब्दाला म्हणूनच किंमत उरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांना याच कारणाने विशेष जपायला सांगतात. मार्ग आहे : संमती तुम्ही घेऊ नका, शिकवण्याशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला घेऊ द्या. कोण आलं, कोण नाही, ही यादी निकाल लागेपर्यंत तुमच्यापर्यंत पोचू देऊ नका. हजेरी किंवा गुणांचं आमिष नको. संमतीपत्र मराठीत आणि घरच्या बोलीला जवळचं असावं: ‘उच्चतम ऐच्छिक प्रयत्न’ असं लिहिण्यापेक्षा ‘दम लागून थांबावंसं वाटेपर्यंत’ लिहा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःचीही. मुलींना इलेक्ट्रोड किंवा छातीचा पट्टा लावायला महिला सहकारी आणि पडदा हवाच.

व्यायामाचा कार्यक्रम देऊन आरोग्यावरचा परिणाम मोजणार असाल, तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. ती विनामूल्य आहे. नंतर करायला गेलात, तर चांगली नियतकालिकं शोधनिबंध परत पाठवतात.

प्रश्न : मुलीला विद्यापीठात धावण्याच्या चाचणीला बोलावलं आहे. काय खाऊन पाठवू? त्या दिवशी तिचा उपास आहे.
*– एक आई, वेंगुर्ला*

उत्तर : ताई, उपासाच्या दिवशी पाठवू नका, तारीख बदलून मागा; प्रयोगशाळेला त्यात काही वाटत नाही. चाचणीच्या दोन-तीन तास आधी हलकं खाणं द्या: दोन घावणे किंवा मऊ भात आणि केळं. माशाचं भरपेट जेवण नको. चहा-कॉफी तीन तास आधीपासून बंद, पाणी मात्र नेहमीसारखं. आदल्या दिवशी कसून सराव नको. ताप, खोकला, छातीत दुखणं, चालू औषध किंवा पूर्वी कधी आलेली चक्कर यांपैकी काही असेल, तर ते तिने लाजून लपवू नये म्हणून एका कागदावर लिहून सोबत द्या. कोरडा टॉवेल आणि बदलायचे कपडे पिशवीत टाका.